विकतचे तीन दिवस

माझी पाळी गेली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते, आणि घरात ते कुणालाही कळलं नाही. कळणार तरी कसं? पुढची तेरा वर्षं मी ती दर महिन्याला गोळ्या खाऊन परत आणत होते. हे वाचून ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी खुशाल मुरडावं. आमच्या घरात नाक मुरडणाऱ्यांची कधी टंचाई नव्हती, त्यात आणखी चार.

घर सेलूचं. सासऱ्यांकडं गावातल्या एका देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, म्हणजे रोज दुपारी बाराच्या आत देवीला आमच्या घरून नैवेद्य जायला पाहिजे. पूजा सासरे करायचे. नैवेद्य काही सासरे करायचे नाहीत. तो घरच्या बायांनी सकाळी न्हाऊन, सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसून, कुणाला न शिवता रांधायचा. वरण, भात, पोळी, दोन भाज्या, एक गोड. देवी बिचारी खात नाही, त्या घरात तीच काय ती समजूतदार. ताट मागं यायचं आणि त्यावर तीन पुरुष जेवायचे: सासरे, आमचे हे आणि धाकटे दीर. हे तहसिलात कारकून, दीर कापसाच्या अडतीवर. बायाही तिघी: सासूबाई, मी आणि धाकटी जाऊ. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे. शाळेला जायच्या आधी अर्धा नैवेद्य माझ्या हातून व्हायचा, उरलेला जाऊ उरकायची. सासूबाईंचे गुडघे धरलेले, तरी त्या पाटावर बसून निवडायच्या, चिरायच्या, पुरण वाटायच्या आणि कुणाचा पदर कुठं लागला ते बघायच्या.

रविवारी शाळेला सुट्टी असते. देवीला नसते, म्हणून मलाही नव्हती. आम्हा बायांना सुट्टी एकच, कावळा शिवला की. पाळी आली की तीन दिवस कडेला बसायचं, कशाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि पुन्हा चुलीपाशी. त्यासाठी घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिच्यात एक चटई, एक घोंगडी, एक तांब्या आणि एक जर्मनचं ताट. जेवण दारातून सरकवायचे, वरून वाढायचे. आणि गंमत अशी की त्या तीन दिवसांत मी शाळेत जायचे. तिथं खडूला शिवायचं, फळ्याला शिवायचं, शंभर पोरींच्या वह्यांना शिवायचं, त्यात कुणाच्या बापाचं काही बिघडत नव्हतं, कारण तिथून पगार येत होता. घरी आलं की मात्र पाण्याच्या घागरीपासून चार हात लांब.

ह्याला अन्याय म्हणतात हे मला ठाऊक आहे. वर्गात असल्या गोष्टींवर निबंध लिहून घेणारी मीच. पण खरं सांगायचं तर मला ती खोली लय आवडायची. शाळेतून यायचं, चटईवर आडवं व्हायचं, वाचनालयाचं पुस्तक उघडायचं. कुणी हाक मारायचं नाही. चहासुद्धा दुसऱ्या कुणीतरी करून द्यायचा. दुपारी झोप लागायची, आणि जागं झाल्यावर काहीच करायचं नाही हे आठवून पुन्हा लागायची. महिन्याचे सत्तावीस दिवस मी त्या तीन दिवसांच्या जिवावर काढत होते.

नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्याच्या पुढच्या साली माझा कावळा यायचा बंद झाला. एक महिना गेला, दोन गेले. सासूबाईंना वाटलं, आता उशिरा का होईना मुलगा होणार. मला एक मुलगीच होती, आणि ती माझी चूक आहे असं त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही, इतक्या त्या चांगल्या होत्या. पण मला आतून समजलं होतं. अंगातून वाफा यायच्या, सांधे धरायचे, विनाकारण रडू फुटायचं. आणि तिसरा महिना लागला तेव्हा मला लागोपाठ ऐंशी दिवस चुलीपाशी झाले होते.

तुम्ही म्हणाल, मग खोटंच बसायचं. तशी सोय सासूबाईंनी ठेवली नव्हती. कडेला बसलेल्या बाईनं आपली फडकी आपण धुऊन मागच्या दोरीवर, जुन्या लुगड्याच्या आड वाळत घालायची. त्या दोरीवर सासूबाईंची नजर असायची. कोण कधी बसली, कधी न्हाली, कुणाचा दिवस चुकला, सगळं त्यांच्या तोंडपाठ. एखाद्या तलाठ्याला गावातल्या जमिनी ठाऊक नसतील इतक्या त्यांना आमच्या तारखा ठाऊक होत्या.

शाळेनं प्रशिक्षणाला औरंगाबादला पाठवलं तेव्हा एक दुपार काढून मी तिथल्या एका डॉक्टरांना गाठलं. म्हातारे होते, बोलायला गोड. म्हणाले, काही बायांचं लवकर थांबतं, पण अडतीस म्हणजे फारच लवकर, पुढं हाडं ठिसूळ होतील. शरीर जे हार्मोन करायचं थांबलंय ते गोळीतून द्यायचं. एकवीस दिवस गोळ्या घ्यायच्या, सात दिवस बंद. बंद केल्या की पाळी येईल, पण घाबरू नका, ती खरी पाळी नव्हे, गोळीनं आणलेली आहे. मी घाबरायला कशाला बसलेय? मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्या भल्या माणसाला वाटलं, बाई हाडं वाचली म्हणून खूश झाली.

महिन्यानं कावळा आला. सासूबाईंना नातवाच्या आशेवर पाणी सोडावं लागलं. मी खोलीत चटईवर पडून कादंबरी वाचत होते.

ह्यांना मी सांगितलं की रक्त वाढायच्या गोळ्या आहेत. ह्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि बरं म्हणाले. तेरा वर्षांत पुन्हा विचारलं नाही. बायकोच्या तब्येतीत लक्ष न घालणं ह्यालाच ते मोठेपणा समजत. सेलूच्या गाडीनं परभणीला जाऊन मी दर दोन महिन्यांनी पाकिटं आणायचे. औरंगाबादच्या त्या डॉक्टरांची चिठ्ठी घड्यांवर फाटली, शाई उडाली, पुढं ते डॉक्टरही वारले. दुकानदार चिठ्ठीकडं न बघता पाकिटं काढून द्यायचा, मीही न विचारता घ्यायचे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशातली गत.

आता ह्याच्यातलं जे मला सांगायला नको वाटतं ते सांगते. दोनेक वर्षांत माझ्या ध्यानात आलं की हा कावळा माझ्या हुकमाचा आहे. गोळ्या चार दिवस आधी बंद केल्या की तो चार दिवस आधी येतो, आठवडाभर जास्त खाल्ल्या की आठवडाभर थांबतो. हे ध्यानात आल्यावर कुठली बाई शहाण्यासारखी वागली असती ते मला माहीत नाही, मी वागले नाही. भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसायच्या. तीन दिवसांचं काम, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, पन्नास-साठ पानं, सगळं सोवळ्यात. मी माझा कावळा बरोबर महालक्ष्म्यांवर आणून बसवायला लागले. दर साली. सासूबाई कपाळाला हात लावायच्या, म्हणायच्या, कसलं नसीब घेऊन आली ही, लक्ष्मीच्या सणाला हिला हात लावायला मिळंना. आल्यागेल्या सवाष्णी दारातूनच माझ्याकडं बघून चुकचुकायच्या. मी मान खाली घालून दुःख दाखवायचे.

काम मग जावेवर. आणि तिची पाळी मध्ये येऊ नये म्हणून तिला आठ दिवस आधीपासून गोळ्या सुरू करायच्या, पाळी पुढं ढकलायच्या. त्या दीर न विसरता आणायचे. एरवी बायकोला साधी टिकली आणायची म्हटलं तर विसरणारा माणूस. तिला त्या सोसायच्या नाहीत, सकाळी आडापाशी बसून ओकायची. एका घरात दोन सुना, एक गोळ्या खाऊन पाळी आणायली, दुसरी गोळ्या खाऊन ढकलायली, आणि बैठकीत पुरुष बसून म्हणणार की आमच्या घरात सगळं शास्त्राप्रमाणं चालतं. जावेचं ओकणं मला मागच्या खोलीत ऐकू यायचं. मी पान उलटायचे.

बैठकीतल्या त्या वर्षांतल्या गप्पा म्हणजे विद्यापीठाचं नाव. बदलावं की बदलू नये. बदलू नये असंच सगळ्यांचं मत, त्यामुळं वाद कसला? जो तो दुसऱ्याचंच म्हणणं जास्त मोठ्यानं म्हणायचा. माणसांना माणसानं न शिवणं हे कसं जुनं झालंय, आता तसं काही राहिलंच नाही, असं सासरे तिथं सांगायचे, आणि भिंतीच्या ह्या बाजूला मला ताट पायानं सरकवलं जात असायचं. मला हसू यायचं. पण हसू माझ्यावरही यायला पाहिजे होतं. माझा विटाळ चौथ्या दिवशी न्हाल्यानं जात होता. ज्यांच्याबद्दल ते बोलत होते त्यांच्यासाठी आमच्या लोकांनी चौथा दिवस ठेवलाच नव्हता. आणि मी मात्र माझ्या विटाळाची सुट्टी करून लोळत वाचत पडले होते. ह्याची शरम मला लय उशिरा वाटली, आणि वाटली तेव्हाही मी चटईवरून उठले नाही.

असं करता करता मी पन्नास ओलांडले. माझ्या बरोबरीच्या बाया एकेक करून सुटल्या. पाळी कायमची गेली की आमच्याकडं सुटली म्हणतात. मी काही सुटेना. सासूबाईंना आधी नवल वाटलं, मग अभिमान, मग थोडी भीती. शेजारच्या बाईला त्या सांगायच्या की आमच्या थोरलीचं रगत लय जोरकस हाय. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्याच साली मला काखेजवळ छातीत गाठ लागली. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. परभणीत एका डॉक्टरीणबाईनं नवीन दवाखाना टाकला होता, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं तपासण्या केल्या, गाठ साधी निघाली. मी पिशवी उचलून निघाले तर तिनं बसवून घेतलं आणि काय काय औषधं घेता म्हणून विचारलं. मी फाटकी चिठ्ठी पुढं केली. तिनं ती वाचली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचली. तेरा वर्षांत एकदाही कुणाला दाखवलं नाही का, म्हणाली. कुणी थांबवायला सांगितलं नाही का? पन्नाशीपर्यंत ठीक होतं, तुमचं लवकर गेलं होतं म्हणून. आता वरून हार्मोन घालत राहिलात तर छातीला धोका, आणि गोळ्यांमध्ये मनानं फेरफार करत असाल तर तो आणखी शहाणपणा. मी मान डोलावत होते. एवढीशी पोर मला रागावत होती, आणि मला रागवायला जागाच ठेवली नव्हती तिनं.

शेवटी तिनं विचारलं, "कशासाठी घेत राहिलात एवढी वर्षं?"

"हाडांसाठी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

तिनं सांगितलं, एकदम सोडू नका, त्रास होईल. आधी दिवसाआड, मग दोन दिवसांआड, असं करत दोन महिन्यांत बंद. पाळी आता यायची नाही. अंगातून वाफा येतील, झोप उडेल, चिडचिड होईल, काही महिने काढा. गाडीत खिडकीशी बसून मी सेलूला येईपर्यंत विचार करत होते, तो छातीचा नव्हता. मला दिसत होतं की पुढच्या महिन्यात ते तीन दिवस नाहीत. त्याच्या पुढच्यातही नाहीत. मरेपर्यंत रोज नैवेद्य आणि मध्ये कुठंही चटई नाही. पण गाठ हाताला लागली तेव्हाची धडकी मी विसरले नव्हते. गोळ्या सोडल्या.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू. बेंबीपासून वाफ निघायची, छातीवरून गळ्यात, गळ्यातून तोंडावर. कविता शिकवता शिकवता मी टोमॅटोसारखी लाल व्हायचे, पाठ घामानं चिंब. पुढच्या बाकावरच्या पोरी वह्यांनी वारा घालायच्या. शिक्षकांच्या खोलीत एक मास्तर म्हणाले, बाईंना आजकाल लय राग येतो. मी म्हटलं, आजकाल नव्हे, आजकाल दिसतो. घरी हे म्हणायचे की पंख्याखाली बैस की जरा, आणि पंख्याखालच्या खुर्चीवर स्वतः बसून पेपर वाचायचे. चिडचिड गोळ्या सोडल्यानं होते असं डॉक्टरीणबाईचं म्हणणं. माझं म्हणणं असं की ती पहिल्यापासून होतीच, तीन दिवसांच्या झोपेनं तिच्यावर दर महिन्याला झाकण पडत होतं.

पहिला महिना गेला, सासूबाईंनी दोरीकडं बघितलं. दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." त्यांना खरंच आनंद झाला होता, त्याचाच मला राग आला. घरात जाहीर झालं. सासूबाईंनी आपलं स्वतःचं सोवळ्याचं लुगडं घडी करून माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, आता तुला कशाची अडचण न्हाई, देवीचं सगळं तुझ्याकडं. सासरे म्हणाले, वा, म्हणजे आता नैवेद्याची काळजी मिटली. कुणाची मिटली ते त्यांनी सांगितलं नाही. उंटावर बसून शेळ्या हाकायची सवय, शेळी किती चालली ते वरून दिसत नाही.

जाऊ तेवढी मनापासून खूश होती. तिला वाटलं, आता महालक्ष्म्यांना अक्का माझ्या जोडीला असतील. दिरांनी चार दिवसांत मागच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगांची पोती आणून टाकली. धाकटीला काय, तीन दिवस पडवीतसुद्धा बसता येईल, म्हणाले, त्या खोलीचं आता काय काम. चटई कुठं गेली ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी ह्यांच्यावर, दिरांवर, शेंगांवर, सगळ्यांवर ओरडले. सगळे म्हणाले, वयाचं हाय, जाईल.

भाद्रपद आला. महालक्ष्म्यांना आठ-दहा दिवस होते. दिरांनी गोळ्यांचं पाकीट आणून सासूबाईंपाशी दिलं आणि सासूबाईंनी मला सांगितलं, धाकटीला उद्यापासून चालू करायला सांग. मी जावेकडं निरोप घेऊन गेले तर ती आडापाशी होती. पाकीट बघूनच तिला उमासा आला, नुसतं बघून. तोंडावर पदर धरून ती वळली. दहा-अकरा वर्षं मी हे भिंतीआडून ऐकलं होतं, बघितलं त्या दिवशी. काय वाटलं ते सांगते. मी ज्या बैठकीला इतकी वर्षं हसत होते, त्या बैठकीत माझीही एक जागा होती.

पाकीट घेऊन मी माघारी सासूबाईंपाशी गेले. त्या चौकात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, ती ह्या गोळ्या खाणार नाही. येऊ दे तिची पाळी यायची तेव्हा.

"मग एवढं सगळं एकटी करशील का तू?" सासूबाई म्हणाल्या. "इतके साल तुला कावळा शिवायचा म्हणून तिनं केलं. आता दोघी हाव तर हे काय काढायलीस?"

तिथं माझ्यानं राहवलं नाही. अंगात वाफ चढलेलीच होती. मी म्हटलं, "मला कुठला कावळा, आई? माझी पाळी तेरा वर्षांमागंच गेली. मी गोळ्या खाऊन आणत होते."

त्यांचा हात तांदळात थांबला. आता काय काय होणार ते मला सगळं दिसलं. रडारड, सासऱ्यांना हाक, इतकी वर्षं घराला फसवलं, देवीला फसवलं, प्रायश्चित्त, माझ्या माहेरचा उद्धार. मी तयारीत उभी राहिले.

"कशापायी?" त्यांनी विचारलं.

"बसायपायी," मी म्हटलं.

त्यांनी आधी बैठकीच्या दाराकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. मग सूप खाली ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी सुटले तवा मिळायच्या का गं त्या गोळ्या?"

मी विचारलं, कधी सुटलात? म्हणाल्या, धाकट्याची मुंज झाली त्या साली. धाकट्याच्या डोक्यावर आता केस राहिले नव्हते. "तवापासून एक दिवस बसले न्हाई मी," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. गुडघे कशानं गेले म्हणून मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. म्हातारपणानं जातात असं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सासूबाईंनी दिरांना हाक मारली आणि मागच्या खोलीतली पोती काढायला सांगितली. दिरांनी विचारलं, का? सासूबाई म्हणाल्या, मला कावळा शिवलाय.

सत्तरी पार केलेली बाई. दीर जागच्या जागी उभे. सासरे सोवळं नेसून देवळात निघाले होते, ते दारात थबकले. म्हणाले, "अगं, ह्या वयात..."

"शिवला म्हणले ना," सासूबाई म्हणाल्या.

ह्या माणसाला कुठली तिथी किती घटिकांनी संपते ते पंचांग न बघता सांगता यायचं. विटाळ कुणाचा कुणाला किती लागतो, ह्यावर गावभरचे लोक त्यांचा सल्ला घ्यायला यायचे. आणि आपल्या बायकोचा विटाळ संपलाय का नाही ते त्यांना माहीत नव्हतं, कारण संपल्यावर बाई चुलीपाशी असते आणि चुलीकडं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. ते दोन पावलं मागं सरकले, सावली पडू नये म्हणून. बरं म्हणाले आणि देवळात गेले. ह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, असं होऊ शकतं का? मी म्हटलं, आईंना विचारा. कुठला मुलगा विचारतो? दवाखान्यात न्यावं का असं एकदा पुटपुटले, तेही अंगणात, पायातल्या चपलांना उद्देशून. दोरीवर काय वाळतंय, काय नाही, हे बघणारं माणूस आमच्या घरात एकच होतं आणि ते खोलीत घोंगडीवर झोपलं होतं.

तीन दिवस सासूबाई झोपल्या. जेवण मी दारातून वाढायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी माझी एक कादंबरी आत सरकवली तर म्हणाल्या, हे नको, झोपू दे.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी जावेला खरंच कावळा शिवला आणि ती खोलीत जाऊन बसली. तिचं तोंड बघून वाटलं, माहेरी निघाली. आम्ही दोघींनी केलं. पुरण सासूबाईंनी वाटलं, पोळ्या मी लाटल्या. चुलीपुढं अंगातून अशी आग निघायची की दोनदा मी लाटणं टाकून आडापाशी जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलं. सोळा भाज्यांच्या नऊच झाल्या. पन्नास पानं उठली, पुरुषांनी ढेकरा दिल्या, वा वा केलं. भाज्या किती होत्या ते एकाच्याही ध्यानात आलं नाही, सासऱ्यांच्याही नाही.

चौथ्या दिवशी जाऊ न्हाऊन बाहेर आली. मी नैवेद्याच्या वरणाला फोडणी देत होते. सासूबाई भिंतीला धरत धरत चुलीपाशी आल्या आणि माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"धाकटी आणि मी बघतो. तू जा, बस जा."

मी म्हटलं, आई, तुम्हीच तर सगळ्यांना सांगितलंत मी सुटले म्हणून. आता पुन्हा शिवला म्हणून कसं सांगायचं?

"कोण विचारायलंय?" त्या म्हणाल्या.

मी हात धुतले, वाचनालयाचं पुस्तक घेतलं आणि बैठकीतून, तिघा पुरुषांच्या समोरून, मागच्या खोलीत गेले. कुणीही विचारलं नाही.